मायक्रोटिकचं लायसन्स, पॅकेज आणि डिव्हाइस-मोड: कुठलं कुलूप कुठे लागलंय ते आधी बघा

तालुक्याच्या गावात केबलवाल्याच्या ऑफिसात जा, कोकणातल्या लॉजच्या काउंटरमागे डोकवा, पुण्यातल्या एखाद्या हॉस्टेलच्या जिन्याखालचा रॅक उघडा, दहातल्या निदान चार-पाच ठिकाणी मायक्रोटिकचा डबा, म्हणजे इंटरनेट वाटून देणारा राउटर, दिसणारच. कंपनी लाटव्हियातल्या रिगाची, १९९६ पासूनची, आणि तिची गंमत अशी की घरात ठेवायच्या छोट्या डबीपासून ते हजारो गिऱ्हाइकं ओढणाऱ्या सीसीआर या मोठ्या राउटरपर्यंत सगळ्यांत सॉफ्टवेअर एकच, राउटरओएस. मेन्यू तोच, कॉम्प्युटरवरून डबा सेट करायचा विनबॉक्स हा प्रोग्रॅम तोच, त्यामुळे लोकांना वाटतं की जे मोठ्यात चालतं ते छोट्यातपण चालणार, आणि मग रात्री साडेनवाला मेसेज येतो की "दादा हॉटस्पॉटला नवीन माणूस लॉगिनच होत नाहीये" किंवा "अपग्रेड केलं आणि वायफायच गायब झालं".

ह्याच्या मागे बहुतेक वेळा तीन कुलपं असतात आणि लोक ती एकमेकांत गुंतवतात. पहिलं लायसन्स लेव्हल, म्हणजे किती जणांना सेवा देता येणार. दुसरं पॅकेज, म्हणजे ते फीचर डब्यात आहे का नाही. तिसरं डिव्हाइस-मोड, म्हणजे फीचर आहे पण वापरायची परवानगी आहे का. अडलं की आधी यातलं कुठलं कुलूप आहे ते ओळखायचं. पैसे भरून लायसन्स घेतलं आणि कुलूप डिव्हाइस-मोडचं निघालं, असं होतं राव.

आधी डब्यात काय आहे ते बघा

विनबॉक्स उघडा, सिस्टिम मेन्यूत लायसन्स. तिथे सॉफ्टवेअर आयडी दिसेल, चार अक्षरं-डॅश-चार अक्षरं अशा धाटणीचा, आणि लेव्हल. टर्मिनलवाल्यांनी सिस्टिम, लायसन्स, प्रिंट अशी कमांड मारावी, तेच येतं. मग सिस्टिममध्येच राउटरबोर्ड उघडा, तिथे मॉडेल, सिरियल नंबर आणि बूटलोडरचं (डबा चालू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) व्हर्जन मिळतं. नंतर पॅकेजेस. हे सगळं कॉपी करून एका शीटमध्ये टाका, शीटबद्दल पुढे सांगतो.

मायक्रोटिकचा तयार डबा घेतला असेल तर लायसन्स फॅक्टरीतूनच आत भरलेलं असतं, वेगळं काही घ्यावं लागत नाही. कुठल्या डब्यात कुठली लेव्हल ते साधारण असं: एसएक्सटी लाइट, एलएचजी ५ असले छतावर बसवायचे डिश-अँटेनावाले लेव्हल ३. हेक्स, एचएपी एसी२ अशा घरगुती आणि छोट्या ऑफिसच्या डब्या लेव्हल ४. आरबी ४०११, आरबी ५००९ लेव्हल ५. सीसीआर मालिका लेव्हल ६.

आता या लेव्हलचा अर्थ. भल्याभल्यांना वाटतं की लेव्हल वाढली की स्पीड वाढतो. डब्याच्या बाबतीत लेव्हलचा स्पीडशी काहीही संबंध नाही, संबंध मोजणीशी आहे. लेव्हल ४ ला पीपीपीओईची (गिऱ्हाइकाने नाव-पासवर्ड टाकून लाइन जोडायची पद्धत) २०० सेशन्स, म्हणजे एकाच वेळी चालू असलेली कनेक्शन्स, आणि हॉटस्पॉटचे (वायफायला जोडल्यावर लॉगिनचं पान येतं तो प्रकार) २०० ॲक्टिव्ह युजर. लेव्हल ५ ला दोन्हीकडे ५००. लेव्हल ६ ला मर्यादा नाही. लेव्हल ३ ला पीपीपीओई २०० चालतं पण हॉटस्पॉटचा युजर फक्त एक, आणि वायफाय ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवता येत नाही. व्हीलॅन (एकाच केबलवर वेगळी केलेली नेटवर्कं), क्यू (गिऱ्हाइकाचा स्पीड आवरायची सोय), फायरवॉलचे नियम यांना लेव्हल ३ पासून पुढे कुठेच मोजणी नाही. पोर्ट किती वापरता यालाही नाही.

लेव्हल ३ च्या या अटीमुळे खाडीपलीकडे लिंक मारणारे बरेच जण अडतात. एलएचजीच्या दोन डिश समोरासमोर लावून एकास-एक लिंक छान चालते, कारण ब्रिज मोडला एक क्लायंट घ्यायची मुभा आहे. पण सहा महिन्यांनी शेजारच्या वाडीतला माणूस म्हणतो मलाही त्याच डिशवरून दे, आणि तिथे गाडी थांबते. दुसरा क्लायंट घ्यायचा तर त्या टोकाला लेव्हल ४ पाहिजे. म्हणजे मध्यवर्ती टोकाचा डबा घेतानाच लेव्हल ४ वाला घ्या, बाकीच्या टोकांना लेव्हल ३ भरपूर झाली. कॅप्समॅन या मायक्रोटिकच्या सोयीने सगळे ॲक्सेस पॉइंट एका जागेवरून चालवायचे असतील तरी तेच, मुख्य कंट्रोलरला वेगळं लायसन्स लागत नाही पण खालचे ॲक्सेस पॉइंट लेव्हल ४ चे हवेत.

२०० ची भिंत

लॉजचं उदाहरण घेऊ. ६० खोल्या, मे महिना, सगळं फुल्ल. मालक म्हणतो ६० खोल्या म्हणजे फार तर ६० गिऱ्हाइकं, हेक्स बास झाला. पण एका खोलीत चार माणसं, चौघांचे चार मोबाइल, एक टॅब पोरांसाठी, वर खोलीतला स्मार्ट टीव्ही. हॉटस्पॉट माणूस मोजत नाही, लॉगिन झालेलं प्रत्येक यंत्र मोजतो. ६० खोल्यांत सरासरी चार यंत्रं धरली तरी २४० झाली. दुपारी सगळे समुद्रावर असतात तोवर काही जाणवत नाही, रात्री जेवणं उरकून सगळे खोलीत आले की २०० भरतात आणि २०१ वा लॉगिन पानावरच लटकतो. मालकाला वाटतं लाइन बंद पडली, तो इंटरनेटवाल्याला शिव्या घालतो, इंटरनेटवाला म्हणतो माझ्याकडून सगळं ओके आहे, आणि दोघांचंही बरोबर असतं.

तपासायचं कसं? आयपी मेन्यूत हॉटस्पॉट, ॲक्टिव्ह टॅब, खाली आकडा येतो. पीपीपीओईचं असेल तर पीपीपी मेन्यूत ॲक्टिव्ह कनेक्शन्स. गर्दीच्या वेळी बघा, सकाळी ११ ला बघून उपयोग नाही. आकडा १७०-१८० च्या आसपास रेंगाळायला लागला की निर्णयाची वेळ झाली असं समजा.

काही वेळा तो आकडा फुगलेला असतो. माणूस चेकआउट करून गेला, त्याचं सेशन अजून जिवंत. हॉटस्पॉटच्या युजर प्रोफाइलमध्ये आयडल टाइमआउट आणि कीपअलाइव्ह टाइमआउट नीट लावले तर मेलेली सेशन्स आपोआप झडतात. त्याच प्रोफाइलमध्ये शेअर्ड युजर्स म्हणून खाना आहे, एका व्हाउचरवर किती यंत्रं ते तिथे ठरतं, तो अव्वाच्या सव्वा ठेवू नका. स्मार्ट टीव्ही, सीसीटीव्ही, बिलिंगचा कॉम्प्युटर असल्या घरच्या वस्तू हॉटस्पॉटमधून काढून वेगळ्या व्हीलॅनवर टाका. हे सगळं फुकटात होतं आणि पुष्कळदा एवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर? मायक्रोटिकमध्ये लेव्हल अपग्रेड असा प्रकार नाही, म्हणजे ४ चे पैसे वजा करून ६ मिळत नाही, हवी ती लेव्हल पूर्ण किमतीला नवीनच घ्यावी लागते. कंपनीच्या दरपत्रकात लेव्हल ४ चे ४५, लेव्हल ५ चे ९५ आणि लेव्हल ६ चे २५० डॉलर असे दर आहेत, वर आपल्याकडचा टॅक्स आणि डिस्ट्रिब्युटरचं मार्जिन. आता विचार करा, हेक्सच्या जुन्या मॉडेलमध्ये ८८० मेगाहर्ट्झचा दोन कोरचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम, त्याच्यावर २५० डॉलरचं लेव्हल ६ चढवून काय होणार, लायसन्स वाढलं म्हणून प्रोसेसर वाढत नाही. ४०० पीपीपीओई सेशन्स आणि प्रत्येकावर क्यू लावल्यावर तो डबा गुडघे टेकेल. माझं मत सरळ आहे, तयार डब्यावर वरची लेव्हल विकत घेऊ नका, ते पैसे घालून जास्त लेव्हलचा डबाच घ्या, लायसन्स त्यात आलेलंच असतं. छोट्या आयएसपीने, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्याने, तर सरळ दोन राउटरवर गिऱ्हाइकं वाटावीत, एक मेला तर निम्मं गाव तरी चालू राहतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. "मी रेडियस सर्व्हर लावतो मग मर्यादा जाईल" असं बरेच जण म्हणतात. रेडियस पासवर्ड बरोबर आहे का ते सांगतो, सेशन राउटरवरच उघडतं, मोजणी राउटरवरच होते. बाहेरच्या रेडियसने वाचते ती युजर मॅनेजरची मर्यादा, कारण युजर मॅनेजर या मायक्रोटिकच्या स्वतःच्या रेडियस सर्व्हरला लेव्हल ४ वर २० आणि लेव्हल ५ वर ५० च ॲक्टिव्ह सेशन्स मिळतात. तिथे बाहेरचा फ्रीरेडियस लावला की हा त्रास संपला, पण २०० ची भिंत आहे तिथेच राहते.

साध्या पीसीवर किंवा व्हर्च्युअल मशिनवर चालवत असाल तर इथे लक्ष द्या

तयार डब्यात लायसन्स बोर्डाला असतं म्हणून डोक्याला ताप कमी. पीसीवर राउटरओएस टाकलं की ते लायसन्स हार्ड डिस्कला चिकटतं. मदरबोर्ड बदला, रॅम बदला, प्रोसेसर बदला, चालतं. डिस्क उचलून दुसऱ्या पीसीत लावा, तरीही चालतं. पण डिस्क बदलली की लायसन्स गेलं. आणि नुसती बदललीच पाहिजे असंही नाही, तीच डिस्क विंडोजमध्ये लावून फॉरमॅट मारला किंवा लिनक्सवरून कोरी केली तरी गेलं. परत इन्स्टॉल करायचं असेल तर मायक्रोटिकच्याच नेटइन्स्टॉल प्रोग्रॅमने किंवा त्यांच्याच सीडीने करा, ते लायसन्सच्या किल्लीची (कोडची) जागा सांभाळून ठेवतात. दुकानातल्या पोराला "एसएसडी टाकून क्लोन मारून दे" असं सांगण्याच्या आधी हे त्याला समजावा, क्लोन झालेल्या डिस्कचा सॉफ्टवेअर आयडी वेगळा येतो आणि जुनी किल्ली तिला बसत नाही.

डिस्क खरंच जळाली तर कंपनीला लिहून बदली किल्ली मागता येते, तिचे १० डॉलर पडतात, पण जुनी डिस्क निकामी झाल्याचा पुरावा मागू शकतात आणि एका मूळ किल्लीमागे ही सवलत एकदाच. म्हणून मेलेली डिस्क लगेच भंगारात देऊ नका, आधी लेबल दिसेल असा फोटो काढून ठेवा.

नवीन इन्स्टॉल केल्यावर पीसीवर २४ तास सगळं खुलं असतं. मशिन बंद केलं तर घड्याळ थांबतं, त्यामुळे घाई करून चुकीची लेव्हल घेऊ नका, एकदा घेतली की बदलून मिळत नाही. किल्ली घ्यायची ती मायक्रोटिकच्या साइटवर अकाउंट काढून, सॉफ्टवेअर आयडी टाकून. डिस्ट्रिब्युटरकडून प्रीपेड किल्ली घेतली तर तीही अकाउंटमध्येच जमा होते. मग ईमेलला किल्ली येते, ती लायसन्सच्या खिडकीत पेस्ट की बटणाने चिकटवायची किंवा फाइल इम्पोर्ट करायची, रीस्टार्ट, झालं. बसलेल्या किल्लीची फाइल लायसन्सच्या आउटपुट कमांडने बाहेर काढून जपून ठेवा.

मार्केटमध्ये "लेव्हल ६ क्रॅक" टाकलेल्या डिस्का फिरतात, कोणी पेन ड्राइव्हमध्येपण देतं. घेऊ नका. कोणी काय बदललंय त्या सिस्टिममध्ये ते तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि तुमच्या गिऱ्हाइकांचा सगळा ट्रॅफिक त्यातून जातो. अपग्रेड करता येत नाही ते वेगळंच.

आता सीएचआर, म्हणजे क्लाउडवर किंवा प्रॉक्समॉक्स, व्हीएमवेअरवर व्हर्च्युअल मशिनमध्ये (एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) चालणारं राउटरओएस. इथे हिशेबच उलटा आहे, लेव्हल ४-५-६ नाहीत आणि इथे खरंच स्पीड विकला जातो. फुकट सीएचआर कितीही दिवस चालतं पण प्रत्येक इंटरफेसला अपलोड १ एमबीपीएस. पी१ ला १ जीबीपीएस, पी१० ला १० जीबीपीएस, पी-अनलिमिटेडला मोकळं रान. आणि अकाउंटवरून ६० दिवसांचा ट्रायल मिळतो, तो जरूर वापरा.

पण ट्रायलमध्ये एक खोच आहे. ट्रायल चालू असताना तुम्ही अकाउंटमध्ये पैसे भरून लायसन्स घेतलं म्हणजे काम झालं असं नाही. सीएचआरला ते आपणहून कळत नाही, त्याच्या टर्मिनलमध्ये जाऊन लायसन्स रिन्यू ही कमांड स्वतः मारावी लागते, अकाउंटचं नाव-पासवर्ड आणि लेव्हल देऊन. लायसन्स प्रिंट केलं की डेडलाइन अशी एक तारीख दिसते, तिच्या आत हे केलं नाही तर ट्रायल संपतो आणि मग सीएचआर नव्याने इन्स्टॉल करून, नवा ट्रायल मागून, त्याच्यावर विकत घेतलेलं लायसन्स लावायची वेळ येते. म्हणजे पैसे भरले त्याच दिवशी, त्याच खुर्चीत बसून रिन्यू मारा आणि लेव्हल बदललेली डोळ्यांनी बघा.

पुढेही सीएचआर ठरावीक मुदतीने कंपनीच्या सर्व्हरशी बोलून लायसन्स ताजं करून घेतं. फायरवॉलच्या आउटपुट साखळीत (राउटर स्वतः बाहेर पाठवतो तो ट्रॅफिक) सगळं बंद करून ठेवणारे हुशार लोक इथे अडतात, डीएनएस चालत नाही, घड्याळ चुकलेलं, बाहेर जायला वाट नाही. ताजं झालं नाही म्हणून राउटर बंद पडत नाही, पण नवीन व्हर्जन घेता येत नाही आणि ते कळतं नेमकं सिक्युरिटी अपडेट आल्यावर. आणि व्हर्च्युअल मशिन (व्हीएम) क्लोन करून दुसरं सीएचआर उभं केलंत तर त्यावर लायसन्समधली नवीन आयडी तयार करायची कमांड मारा, एकच आयडी असलेली दोन मशिन म्हणजे गोंधळाला आमंत्रण.

पॅकेज: फीचर आहे का डब्यात?

राउटरओएस ७ मध्ये मुख्य पॅकेज एक आणि बाकीची लागतील तशी. युजर मॅनेजर, कंटेनर (राउटरमध्येच दुसरे प्रोग्रॅम चालवायची सोय), झिरोटियर (इंटरनेटवरून खासगी नेटवर्क जोडायची सोय), यूपीएस, जीपीएस अशी वेगळी येतात. मेन्यूच दिसत नसेल तर लायसन्सकडे जाऊच नका, पॅकेज नाही एवढंच. झिरोटियर फक्त आर्म प्रोसेसरवाल्या डब्यांनाच मिळतं, हेक्सच्या एमआयपीएस मॉडेलवर ते शोधत बसू नका. पॅकेजचं व्हर्जन आणि मुख्य सिस्टिमचं व्हर्जन अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं पाहिजे, आणि प्रोसेसरचा प्रकारही तोच, नाहीतर रीस्टार्टनंतर ते बसतच नाही आणि लॉगमध्ये एक ओळ येऊन गप्प.

वायफाय गायब होण्याचा किस्सा इथलाच. ७.१३ पासून वायरलेसचं पॅकेज मुख्य पॅकेजमधून बाहेर काढलं. ज्यांनी अपडेट बटणाने अपग्रेड केलं त्यांना राउटर आधी ७.१२ वर नेतो आणि मग पुढे, वायरलेसचं पॅकेज आपोआप सोबत येतं. पण ज्यांनी फक्त मुख्य फाइल डाउनलोड करून फाइल्समध्ये ओढून रीस्टार्ट मारला त्यांच्याकडे राउटर वर आला, इंटरनेट चालू, आणि वायफायचा इंटरफेसच नाही. घाबरायचं कारण नाही, त्याच व्हर्जनचं वायरलेस पॅकेज टाका, परत रीस्टार्ट. फक्त तुम्ही त्या राउटरला वायफायनेच जोडलेले असाल तर मात्र केबल घेऊन जावंच लागणार.

एचएपी एसी२ सारख्या १६ एमबी फ्लॅशच्या (आतल्या साठवणुकीच्या) डब्यांवर जागेचा तंटा असतो. नवीन वायफाय ड्रायव्हरचं पॅकेज टाकलं की जवळजवळ काहीच उरत नाही. तिथे जुन्या बॅकअपच्या फाइली, फाइल्समध्ये पडलेलं जुनं काहीबाही आधी साफ करा, नको ती पॅकेजेस काढा, मगच अपग्रेड. सिस्टिम अपग्रेड झाल्यावर राउटरबोर्डमधून बूटलोडरपण अपग्रेड करून आणखी एक रीस्टार्ट द्या, हे निम्मे लोक विसरतात.

अपग्रेडच्या आधी दोन गोष्टी काढून स्वतःच्या कॉम्प्युटरवर घ्या: बॅकअप फाइल आणि एक्स्पोर्ट, म्हणजे सगळ्या सेटिंगची वाचता येणारी यादी. बॅकअप त्याच डब्यासाठी, एक्स्पोर्ट दुसऱ्या डब्यावर चढवण्यासाठी. व्हर्जन ७ मध्ये एक्स्पोर्ट पासवर्ड लपवतं, शो-सेन्सिटिव्ह हा पर्याय जोडला नाही तर पीपीपीओईच्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं येतात आणि पासवर्ड येत नाहीत. डबा जळाल्यावर हे कळलं तर दोनशे घरांत फिरून नवीन पासवर्ड टाकायची वेळ येते. अर्थात ती फाइल मग पासवर्डांसकट असते, व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

डिव्हाइस-मोड: परवानगी आहे का?

२०१८ मध्ये विनबॉक्सच्या एका भोकातून जगभर लाखो मायक्रोटिक फोडले गेले, २०२१ मध्ये तसल्याच फुटक्या राउटरांची मेरिस नावाची बॉटनेट, म्हणजे हल्ल्यांसाठी वापरलेली फौज, गाजली. त्यानंतर कंपनीने ठरवलं की नुसता पासवर्ड हाती लागला म्हणून कोणी राउटरमध्ये वाट्टेल ते चालू करू शकता कामा नये, काही गोष्टींसाठी माणूस डब्यापाशी उभाच पाहिजे. हाच डिव्हाइस-मोड, आणि ७.१७ पासून तो सगळीकडे लागू झाला.

घरगुती डब्यांच्या होम मोडमध्ये शेड्युलर (ठरल्या वेळी काम करणारा), फेच (बाहेरून फाइल आणणारा), ईमेल, सॉक्स, प्रॉक्सी, हॉटस्पॉट, झिरोटियर, कंटेनर असं बरंच काही बंद. हो, हॉटस्पॉटसुद्धा, त्यामुळे नवी कोरी घरगुती डबी घेऊन लॉजला हॉटस्पॉट लावायला गेलात तर इथे अडणार आणि त्याचा लायसन्सशी काही संबंध नाही. ॲडव्हान्स्ड मोडमध्ये बहुतेक खुलं, पण कंटेनर, ट्रॅफिक जनरेटर, पार्टिशन आणि कुठलंही जुनं व्हर्जन टाकायची मुभा या गोष्टी तिथेही बंदच. आधीपासून चालत असलेला राउटर ७.१७ वर नेला की तो ॲडव्हान्स्डमध्ये येतो.

उघडायचं असं. टर्मिनलमध्ये सिस्टिम, डिव्हाइस-मोड, अपडेट आणि पुढे जे हवं ते यस, उदाहरणार्थ container=yes. कमांड मारली की राउटर वाट बघत बसतो, साधारण ५ मिनिटं. तेवढ्यात डब्याचं रीसेट किंवा मोड बटण एकदा दाबा, नाहीतर पॉवरची पिन काढून परत लावा. विनबॉक्समधून रीबूट मारून चालत नाही, खरोखर वीज जायला हवी. सीएचआर असेल तर व्हर्च्युअल मशिन होस्टवरून सरळ पॉवर ऑफ करून चालू करायचं. परत परत कमांड मारत बसलात आणि बटण दाबलंच नाही तर तीन प्रयत्नांनंतर तो पुढचे प्रयत्न घेत नाही, मग बटण दाबून किंवा वीज काढूनच मोजणी शून्यावर येते.

ह्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की टॉवरवर, डोंगरावर, दुसऱ्या जिल्ह्यात डबा लावायच्या आधी टेबलावरच मोड ठरवून टाका. टॉवरवर लावून झाल्यावर हॉटस्पॉट किंवा शेड्युलर आठवला तर कोणालातरी वर चढवावं लागेल. साइटवर वॉचमन असेल तर त्याला फोनवर "पिन काढा, दहा मोजा, लावा" एवढं सांगितलं तरी जमतं, फक्त तो दुसऱ्याच डब्याची पिन काढणार नाही ह्यासाठी ॲडॅप्टरला आधीच चिठ्ठी चिकटवून ठेवा.

शीट आणि अकाउंट

आधी म्हटलं ती शीट. साइटचं नाव, मॉडेल, सिरियल नंबर, सॉफ्टवेअर आयडी, लेव्हल, राउटरओएस व्हर्जन, बूटलोडर व्हर्जन, जास्तीची पॅकेजेस, डिव्हाइस-मोड, बिल नंबर आणि कुठून घेतला. सीएचआर असेल तर डेडलाइनची तारीख. मर्यादा असलेल्या साइटला गर्दीच्या वेळचा ॲक्टिव्ह आकडा महिन्यातून एकदा टाका, वाढ कुठे चाललीय ते तीन-चार नोंदींत दिसतं.

अकाउंट कंपनीच्या ईमेलवर काढा, कामाला असलेल्या पोराच्या जीमेलवर नको. तो चांगला असेल, इमानदार असेल, पण उद्या दुबईला गेला की सगळ्या किल्ल्या त्याच्या इनबॉक्समध्ये. लायसन्स रिन्यू करताना सीएचआरवर टाकायचा पासवर्डपण याच अकाउंटचा असतो, म्हणून तो दहा जणांना माहीत असू नये.

दुसऱ्या कंपन्यांचे डबे असतील तर शीटमध्ये एक रकाना वाढवा, मुदत संपल्यावर काय होतं. मायक्रोटिकचं लायसन्स संपत नाही आणि नवीन व्हर्जन घ्यायला पैसे नाहीत. फोर्टिगेटचं सबस्क्रिप्शन संपलं तर फायरवॉल चालूच राहते पण व्हायरस-वेबसाइटच्या नव्या याद्या येणं थांबतं. मेराकीच्या को-टर्म लायसन्समध्ये (सगळ्या डब्यांची मुदत एकाच दिवशी संपते तो प्रकार) मुदत संपून ३० दिवसांची सवलत गेली की डबा ट्रॅफिकच सोडत नाही. तिघांचा खर्च एकाच ओळीत धरून मालकाला कोटेशन देऊ नका.

जुना डबा विकताना तयार राउटरबोर्डचं लायसन्स त्याच्याबरोबरच जातं, घेणाऱ्यालाही सांगायला हरकत नाही, भाव थोडा बरा मिळतो. नो-डिफॉल्ट्स हा पर्याय लावून कॉन्फिगरेशन रीसेट करा, फाइल्समधले बॅकअप हाताने पुसा कारण रीसेटने ते जातातच असं नाही, झिरोटियरच्या पॅनेलमधून त्याचं नाव काढा. सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच लॅपटॉप जोडून लेव्हल, सिरियल नंबर आणि डिव्हाइस-मोड बघा, सिरियल डब्यामागच्या स्टिकरशी जुळवून घ्या. आणि पी-लायसन्सवालं सीएचआर बंद करणार असाल तर व्हीएम डिलीट करायच्या आधी अकाउंटमधून ते लायसन्स नव्या सीएचआरला हलवा, नव्यावर लेव्हल दिसू द्या, मग जुनं पुसा.